पावसाळ्यातला एक फोन

डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे ‘आयकिया’चे भव्य दालन सुरू झाले. ‘आता आपले कसे होणार?’ अशी धास्ती लहान फर्निचर दुकानदाराला वाटली, तर नवल नाही. पण भावात त्यांच्याशी झुंजू नका. त्यात आपलाच नफा बुडतो. मोठ्यांना जे अवघड जाते, ते करा.

कपाटावर नुसती किंमत लावू नका. लाकूड सागवान की दुसरे, प्लाय कोणता, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. ओलाव्याच्या जागी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय का लागतो, ते दोन वाक्यांत समजावा. घरी जाऊन भिंतीचे आणि जिन्याच्या वळणाचेही माप घ्या. पलंग जिन्यात अडकला, तर जाहिरातीचा खर्च पाण्यात गेला म्हणून समजा.

आणि पहिल्या पावसाळ्यात गिऱ्हाइकाला फोन करा, ‘ताई, कपाटाचे दार अडकत नाही ना?’ लाकूड फुगले असेल, तर सुताराला रंधा घेऊन पाठवा. पैसे घेऊ नका. त्या अर्ध्या तासाची गोष्ट ताई चार घरी सांगतील. लहान दुकान तगते, ते अशा बोलण्यावरच.