मंद विक्रियांचे ऋण



संक्रमण धातूंच्या जटिल संयुगांचा अभ्यास रंग, आकार आणि चुंबकीय गुणधर्म यांपासून सुरू करायचा आणि विक्रियांचा वेग शेवटच्या प्रकरणावर सोडायचा, ही रूढ प्रथा या शास्त्राच्या इतिहासाला धरून नाही. कारण या संयुगांची रचना उलगडली ती त्यांतील काही संयुगे विलक्षण सावकाश बदलतात म्हणूनच. मध्यवर्ती धातूच्या आयनाला स्वतःजवळची इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन जे रेणू वा आयन जोडले जातात त्यांना लिगंड म्हणतात, आणि एका लिगंडाची जागा दुसऱ्याने घेणे ही या संयुगांची सर्वांत मूलभूत विक्रिया होय.

झुरिच येथे आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली आपला सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे कोबाल्टचे अमोनियायुक्त क्लोराइड क्षार होते. सहा अमोनिया असलेल्या क्षाराच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले की तिन्ही क्लोराइडांचा साका बसतो, पाच अमोनिया असतील तर दोनांचाच आणि चार असतील तर एकाचाच; उरलेले क्लोराइड धातूला थेट जोडलेले असल्यामुळे निसटत नाहीत. कोबाल्टने ते क्षणार्धात सोडले असते, तर तिन्ही क्षारांनी सारखाच साका दिला असता, आणि चार अमोनियाच्या क्षाराची हिरवी व जांभळी ही दोन रूपे कधीच वेगळी करता आली नसती. या कसोट्यांना लागणारे काटेकोर प्रयोग बव्हंशी कोपनहेगनच्या योर्गेनसेन यांचे होते; ते वेर्नर यांचे विरोधक होते, तरीही या शास्त्रातील त्यांचा वाटा कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

येथे स्थैर्य आणि मंदपणा यांतील भेद ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे. निकेलचे चार सायनाइडांचे संयुग अतिशय स्थिर असते, तरी ते आपले सायनाइड द्रावणातील सायनाइडांशी जवळजवळ तत्क्षणी बदलते. उलट सहा अमोनियाचा त्रिसंयुजी कोबाल्ट आम्लात विघटित व्हायला हवा, पण त्याला कित्येक दिवस लागतात. पाण्याचा एक रेणू त्रिसंयुजी क्रोमियमजवळ सरासरी काही दिवस राहतो, तर द्विसंयुजी तांब्याजवळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी काळ. क्रोमियम व कोबाल्ट यांच्या या आयनांत लिगंडांकडे रोखलेल्या कक्षा रिकाम्या आणि उरलेल्या कक्षा अर्ध्या वा पूर्ण भरलेल्या असतात. ही अनुकूल मांडणी विक्रियेच्या मधल्या टप्प्यात मोडावी लागते, हे त्यांच्या संथपणाचे मुख्य कारण.

या गुणाचा सर्वांत सुंदर उपयोग १९५३ साली शिकागो येथे हेन्री टाउबे यांनी केला. पाच अमोनिया व एक क्लोराइड असलेला त्रिसंयुजी कोबाल्ट आणि द्विसंयुजी क्रोमियम एकत्र आणल्यावर इलेक्ट्रॉन क्रोमियमकडून कोबाल्टकडे गेला आणि कोबाल्टचा क्लोराइड क्रोमियमला चिकटलेला आढळला. द्रावणात किरणोत्सारी क्लोराइड मिसळूनही तो उत्पादात जवळजवळ शिरला नाही. याचा अर्थ इलेक्ट्रॉन जात असताना क्लोराइड दोन्ही धातूंना जोडणारा पूल झाला होता, आणि नव्याने बनलेला त्रिसंयुजी क्रोमियम मंद असल्यामुळे त्याने तो पुरावा जपून ठेवला. टाउबे यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण एवढ्या साध्या सामग्रीतून एवढा निर्णायक निष्कर्ष काढणारा प्रयोग त्या सन्मानाविनाही थोरच ठरला असता.

औषधशास्त्रातही हाच गुण कामी आला. १८४४ साली पेरोने यांनी तयार केलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाचे पेशीविभाजन रोखण्याचे सामर्थ्य रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या संशोधनामुळे कळले. तेच आज कर्करोगावरील सिसप्लॅटिन. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने त्यातील क्लोराइड बहुतांशी टिकून राहतात. पेशीत मात्र क्लोराइड कमी असल्यामुळे त्यांची जागा काही तासांत पाणी घेते, आणि मग प्लॅटिनम डीएनएतील शेजारच्या दोन ग्वानिनांना धरून ठेवते. पुढे कार्बोप्लॅटिनमध्ये क्लोराइडांऐवजी अधिक सावकाश सुटणारा कार्बनी लिगंड योजला गेला आणि मूत्रपिंडांना होणारी इजा पुष्कळ कमी झाली.