मंडळीत राहूनच विश्वास वाढतो



आम्ही चर्चच्या महिला मंडळातल्या बाया. आज मंडळीविषयी बोलणार आहोत. ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगतो, चर्चमध्ये उपासनेला एकत्र येणारी जी माणसं, त्यांना आम्ही मंडळी म्हणतो. इमारत पडली तरी मंडळी राहते.

हल्ली घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो. "देव सगळीकडे आहे. बायबल मोबाईलमध्ये आहे, उपदेश यूट्यूबवर ऐकता येतो. मग रविवारी एवढं आवरून चर्चला कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे. घरी केलेली प्रार्थना देव ऐकतोच. आजारी बाईनं, बाळंतिणीनं घरी राहून ऐकलेला उपदेशही वाया जात नाही. पण रोज तेवढ्यावरच भागवलं तर विश्वास वाढतो का?

बचत गटाचंच बघा. पैसे घरच्या डब्यातही ठेवता येतात. पण डब्याला कोणी विचारत नाही, "या महिन्यात का नाही टाकले?" गटात मैत्रीण विचारते. अडचण असली तर ऐकून घेते, आळस असला तर चार शब्द सुनावते. विश्वासाचंही तसंच आहे. क्षमा करायची, राग गिळायचा, दुसऱ्याचं ओझं उचलायचं, हे मोबाईलसमोर बसून शिकता येत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो, आणि कधी कधी न पटणारा माणूस लागतो.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. मधल्या काळात नगर, राहुरीकडे ख्रिस्ती माणसांच्या शेजारी राहून त्यांनी त्यांची वागणूक जवळून पाहिली. सोवळं-ओवळं, जातीचा भेद यांचा विचार करकरून एकेक बंधन सोडलं. माणसांत राहून विश्वास असा हळूहळू मुरतो.

आता खरी दुखरी गोष्ट बोलू. पुष्कळ बायांनी चर्चला येणं सोडलं ते मोबाईलमुळे नाही, मन दुखावलं म्हणून. कोणी साडीवरून बोललं. कोणी विधवेला शुभकार्यात मागे बसवलं. कोणाच्या घरच्या दुःखाला कोणी फिरकलंच नाही. मग ती बाई म्हणते, "माझा देव माझ्या घरी."

अशा बाईला आम्ही प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय वाचून दाखवतो. यरुशलेमेत पहिली मंडळी नुकतीच उभी राहिली होती. रोजचं अन्न वाटलं जायचं, पण त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर सुरू झाली. बघा, प्रेषित स्वतः हजर असतानाही मंडळीत अन्याय झाला! पण त्यांनी तक्रार दाबली नाही. सगळ्यांना बोलावलं, चांगल्या नावाची सात माणसं निवडायला लावली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. तक्रार सगळ्यांसमोर आली म्हणून इलाज झाला. त्या बायांचं दुःख घरातच राहिलं असतं, तर त्या उपाशी राहिल्या असत्या आणि मंडळीही सुधारली नसती.

म्हणून बाई, मन दुखलं असेल तर बोला. पाळकांना सांगा, पंचकमिटीला सांगा, एकटीला धीर होत नसेल तर महिला मंडळाला सोबत घ्या. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिथं मारहाण होते, अब्रूला धोका आहे, तिथं गप्प राहून सोसण्याला आम्ही विश्वास म्हणत नाही. तिथून बाहेर पडा, कायद्याची मदत घ्या. आणि मंडळीनं त्या बाईच्या पाठीशी उभं राहावं, हे मंडळीचं कर्तव्य आहे.

पौलानं करिंथच्या मंडळीला शरीराची उपमा दिली. डोळा हाताला म्हणू शकत नाही की तुझी गरज नाही. यापो गावची टबीथा काही उपदेशक नव्हती. ती गोरगरिबांना मदत करायची, विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा विधवा रडत रडत तेच कपडे पेत्राला दाखवत होत्या. शिवणकाम हीच तिची सेवा. कोणी चांगलं गातं, कोणी आजाऱ्याजवळ रात्र काढतं. घरी बसलं की आपलंही वाढणं थांबतं आणि मंडळीचा एक हात कमी होतो.

काही घरं दिवाळीच्या सुमारास उसतोडीला जातात. पाच-सहा महिने फडावर, कोपीत राहायचं. तिथं रविवार कुठला? अशा घरांना आम्ही निघण्याआधी एकत्र प्रार्थना करून निरोप देतो. रविवारी संध्याकाळी एकजण फोन करते. गावात मागे राहिलेल्या सासूबाईंकडे, लेकरांकडे आळीपाळीनं जातो. फडावरही दोन-तीन कोप्यांतल्या बाया मिळून प्रार्थना करू शकतात. दोघे-तिघे आपल्या नावानं जमतील तिथं आपण आहोत, असं प्रभूनं सांगितलेलंच आहे.

मग या आठवड्यात काय करायचं? रविवारी उपासना सुटल्यावर लगेच घाईनं घरी जाऊ नका. कोण आलं नाही ते बघा. दोघी मिळून तिच्या घरी जा. "का आली नाहीस?" असं दरडावू नका, "कशी आहेस?" असं विचारा. ती बोलली तर ऐकून घ्या आणि ऐकलेलं गावभर करू नका. तिथंच तिच्यासोबत छोटी प्रार्थना करा. चहा ठेवते म्हणाली, तर घोटभर घ्या आणि मगच निघा.

देव तुम्हांला आशीर्वाद देवो. सलाम!