पातेरा जाळू नका, गांडुळांना द्या



शिमगा सरला की शिरोडा, आरवली, आजगाव या भागात भाजावळीचा धूर दिसू लागतो. भाताच्या तरव्याच्या जागेवर शेण, कवळ आणि पातेरा पसरून पेटवायचा, ही वाडवडिलांची रीत. ती बिनबुडाची नाही. तणाचं बी जळतं, राख मिळते आणि आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला राख मानवते. पण धुराबरोबर नत्र उडून जातं आणि मातीला धरून ठेवणारा सेंद्रिय अंशही जळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जमिनीला हे परवडणारं नाही.

तोच पातेरा आणि माडाची चुडतं गांडुळांना द्या. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने माडाच्या पातीचं गांडूळखत करून दाखवलं आहे. दहा भाग पातीला एक भाग शेण पुरतं. त्यांनी वापरलेली युड्रिलस जातीची गांडुळं माडांच्या बागेतच मिळालेली.

जांभ्या चिऱ्यांचा ओटा करा, म्हणजे पावसाचं पाणी तुंबणार नाही. वर सावली हवी. पात बारीक कापून शेणकाला शिंपडा आणि दोनेक आठवडे कुजू द्या. मग ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागत असेल तर गांडुळं सोडायची घाई करू नका, ती उष्णतेने मरतात. मुंगळ्यांसाठी ओट्याभोवती पाण्याचा चर ठेवा.

शिरोड्याला एक गोष्ट जास्तच सांभाळावी लागते, ती म्हणजे मीठ. १९३० साली इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, गावाचं नाव देशभर गेलं. गांडूळ मात्र ओल्या त्वचेने श्वास घेतं, त्याला मीठ सोसत नाही. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. मचूळ लागलं तर ढिगावर घालू नका. सुक्या मासळीचं धुवणही नको.

अडीच-तीन महिन्यांत खत चहापुडीसारखं दाणेदार होतं, कसलाही वास येत नाही. चार दिवस पाणी तोडलं की गांडुळं खाली उतरतात, मग वरचा थर खरवडून घ्यायचा. शिमग्यात लावलेला ढीग मृगाच्या सुमारास हाताशी येतो.

यंदा तरव्याचा एक वाफा भाजा आणि दुसरा न भाजता या खतावर करा. लावणीच्या वेळी दोन्हींतली रोपं उपटून मुळं शेजारी शेजारी धरून बघा, आणि पुढच्या वर्षीचं काय ते त्यावरून ठरवा.