भाकरी राहते, कोरड्यास आटते



शेतमजुराच्या घरी पैसा महिन्याने येत नाही. तो आठवड्याने, आणि बहुधा बाजाराच्या दिवशी येतो. म्हणून त्या घरचा अन्नखर्च मासिक अंदाजपत्रकात मांडू गेल्यास हिशेब जुळत नाही. केंद्र शासनाच्या २०२२-२३ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील एकूण घरखर्चात अन्नाचा वाटा सरासरी सुमारे ४६ टक्के होता. मिळकत जितकी तुटपुंजी तितका हा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिले होते.

ओढाताण सुरू झाली म्हणजे गृहिणी हात आखडते तो धान्यात नव्हे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पाच माणसांच्या कष्टकरी घराला २५ किलो महिनाभर पुरत नाही, तरी चूल पेटण्याची हमी राहते. कात्री लागते ती कोरड्यासाला. आमटी पातळ होते, तेल पळीऐवजी थेंबाने पडते, दूध चहापुरते उरते, आणि अखेरीस भाकरीबरोबर नुसता ठेचा. पोटे भरलेली असतात, म्हणून ही काटकसर बाहेरून दिसत नाही. मोठा माणूस एक भाकरी अधिक खाऊन वेळ निभावतो. दोन वर्षांच्या मुलाचे पोटच लहान. त्याला थोडक्यात ताकद देणारे डाळ, तेल, दाणे, अंडे हवे, आणि घरातून प्रथम नाहीसे होते ते नेमके हेच.

दहा-वीस रुपयांचे सुटे तेल किलोमागे महाग पडते, हे त्या बाईस कळत नाही असे कोणी समजू नये. तिच्या हाती एकरकमी पैसा नसतो, आणि उधारीचे खाते असल्याने दुकानही बदलता येत नाही. कामावर निघताना मुलाच्या हाती बिस्किटपुडा देणाऱ्या आईस उपदेश करणे तर फारच सोपे! चूल न पेटवता देता येईल असे दुसरे काय, याचे उत्तर आधी द्यावयास हवे. दाण्याच्या कुटाचा गूळ घालून केलेला लाडू हे एक उत्तर आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. परंतु दाणे किलोने घ्यावे लागतात. येथे महिला बचत गटाने एकत्र खरेदी करून सभासदांकडून आठवड्याच्या हप्त्याने वसुली केली, तर अडचण पुष्कळ हलकी होते.

शाळेच्या माध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गाच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. घरी भात मिळतोच. अशा मुलाच्या दृष्टीने मोल आहे ते या डाळीचे. तिची आमटी पातळ झाली, तर घरी जे घडते तेच शाळेत घडले.

ऊसतोडणीस निघालेल्या मुलांचे हेही सुटते. शिधापत्रिकेवरील धान्य आता अन्य ठिकाणच्या दुकानातूनही घेता येते. अंगणवाडीतील आहारासाठी मात्र कोणीतरी मुलाची नोंद करून घ्यावी लागते. टोळी ज्या गावच्या शिवारात उतरते, तेथील ग्रामपंचायतीने कोप्यांतील सहा वर्षांखालील मुलांची यादी पहिल्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेच्या हाती दिली, तर पुढील सारा हंगाम त्या मुलांच्या ताटात डाळ पडू शकेल.