टिपणांचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी आला नाही, असा मराठी माणूस सुरतेत शोधूनही सापडणे कठीण. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून माणसे भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीने तेथे गेली, ती मागांच्या आवाजामागून. आधी उधना, मग लिंबायत, मग डिंडोली. जेथे भाडे झेपेल तेथे चूल मांडली. लिंबायतजवळच पर्वत पाटिया म्हणून वस्ती आहे. नावात पर्वत असला तरी तेथे साधे टेकाडही नाही. ते जुन्या खेड्याचे नाव. आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी जेथे उभी असते ते ठिकाण, आपल्याकडील फाटा. खेडे महानगरपालिकेच्या हद्दीत विरून गेले, भोवती कापडाची गुदामे आणि चाळींच्या जागी उंच इमारती आल्या; नाव तेवढे आपल्या जागी राहिले.

बिऱ्हाड हलविताना काय न्यावे आणि काय टाकावे, हे शास्त्र गृहिणीच्या अंगी मुरलेले असते. पितळी भांडी कोणी विसरत नाही. विसरते ते फळीमागे खोचलेले, खुंटीला अडकवलेले, रोज हाताशी असल्यामुळे डोळ्यांना न दिसणारे. अलीकडे याच जातीचे दुसरे एक बिऱ्हाड घरोघर हलू लागले आहे. जुना फोन जातो, नवा येतो. छायाचित्रे येतात, ओळखीच्यांचे क्रमांक येतात. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ध्यानात येते की, ज्यात रोजची टिपणे लिहिली ती वही मागेच राहिली.

पर्वत पाटियातील एक घर कल्पावे. नावाची गरज नाही. अशी घरे तेथे पुष्कळ आहेत. घरातील बाई साडीला लेस लावण्याचे, टिकल्या चिकटविण्याचे, धागे कापण्याचे काम घरी आणते. ठेकेदार गठ्ठा टाकून जातो, नगावर मजुरी ठरते, आणि हिशेब महिन्याकाठी किंवा सणाच्या तोंडावर होतो. पूर्वी ती हे सारे मुलांच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहीत असे. पण सुरतेत कागदाचा भरवसा किती धरावा? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हा कितीएक वह्यांचा लगदा झाला. पर्वत पाटिया आणि लिंबायत यांच्या वाट्याला तर नदीशिवाय खाड्यांचेही पाणी येते. ‘खाडीपूर’ हा शब्द तेथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये तो त्यांनी पुन्हा अनुभवला. तेव्हा बाईने फोनमध्ये लिहावयास आरंभ केला, यात तिचे शहाणपणच होते. नग किती, दर काय, उचल किती घेतली, एवढे ती लिही. तारीख मात्र लिहीत नसे; कारण फोन ती आपण होऊन दाखवीत असे.

फोन मोरीत पडला. नवा घेतला तो दुसऱ्या कंपनीचा, कारण तो हप्त्याने मिळाला. दुकानदाराने सर्व काही नव्यात आणून दिल्याचे सांगितले आणि ते बव्हंशी खरेही होते. हिशेबाची टिपणे तेवढी आली नाहीत. ठेकेदार काही दुष्ट माणूस नव्हता. तो एवढेच म्हणाला, “बेन, लिहिलेले असेल तर दाखवा. तुम्ही सांगाल ते नग मी धरतो, पण शेठला कागद लागतो.”

येथे टिपण राहते तरी कोठे, हे नीट पाहिले पाहिजे. ते फोनमध्ये असते, असे बहुतेकांना वाटते. कधी ते खरेच फोनमध्ये असते; कधी फोन ही केवळ खिडकी असते आणि टिपण दूरच्या संगणकावर, एखाद्या खात्याच्या नावे साठवलेले असते. पहिल्या प्रकारात फोन गेला की टिपण गेले. दुसऱ्या प्रकारात फोन फुटला तरी टिपण शाबूत राहते, पण खात्याचा पासवर्ड विसरला तर ते असून नसल्यासारखे. त्यातही फोन बनविणाऱ्या कंपन्या आपली स्वतःची टिपणवही फोनबरोबरच देतात आणि ती आपल्याच खात्याशी जोडतात. त्यामुळे एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर जाताना, जे गूगलच्या खात्यात होते ते पाठोपाठ येते आणि जे कंपनीच्या वहीत होते ते उंबऱ्याशी थबकते. दुकानदाराने लबाडी केली नाही, की नव्या फोनमध्येही काही उणे नव्हते. वही दुसऱ्याच घरात होती, एवढेच.

बाईची मुलगी बारावीत शिकत होती. तिने जुना फोन दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पडदा बदलून तो घटकाभर चालू करून दिला. मुलीने एकेक टिपण उघडले, मजकूर उचलला आणि स्वतःच्याच क्रमांकावर संदेश म्हणून धाडला. नव्या फोनवर साठ-सत्तर टिपणे आली. आईने ती ठेकेदाराला दाखविली. त्याने अंगठ्याने वर-खाली पाहिले आणि फोन परत दिला. सगळ्यांवर तारीख एकच होती, आदल्या रात्रीची.

टिपणांच्या स्थलांतरातील सर्वांत मोठी हानी ही अशी असते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. शब्द येतात, शब्दांभोवतीचे येत नाही. कोणत्या दिवशी लिहिले, कशाच्या आधी लिहिले, सोबत कोणते चित्र किंवा आवाज होता, हे सारे वहीच्या मालकीचे असते, मजकुराच्या नव्हे. जुन्या पेढीवरील मुनीम हे जाणून होता. त्याच्या रोजमेळात मिती आधी, नाव नंतर, रक्कम शेवटी. पान फाटून वेगळे झाले तरी तारीख ओळीबरोबर जाई. आमच्या नव्या वह्या तारीख आपण होऊन टिपतात, म्हणून आम्ही ती लिहिण्याचे सोडले.

मुलगी पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे गेली. या वेळी तिने मजकूर उचलला नाही. टिपणांची यादी तारखांसह पडद्यावर जशी दिसत होती, तशी तिची चित्रे घेतली आणि रात्री बसून प्रत्येक नोंदीच्या आरंभी तारीख हाताने घातली. कंटाळवाणे काम, पण यंत्राने न केलेले.

हे काम अधिक सोपे करणाऱ्या सोयी नाहीत असे नव्हे. गूगलने २०११ पासून ‘टेकआउट’ नावाची सोय दिली आहे. तिच्या द्वारे खात्यातील सामान एका गठ्ठ्यात बांधून घेता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘कीप’ या वहीतील टिपणेही त्यात येतात, आणि बरोबर तारखाही येतात. गंमत अशी की, बाहेर काढलेला हा गठ्ठा दुसऱ्या खात्यातील कीपमध्ये जसाच्या तसा ओतण्याची सरळ वाट कंपनीने ठेवलेली नाही. दार बाहेर उघडते, आत उघडत नाही. मग लोक टिपणात दुसऱ्या खात्याला भागीदार करून घेतात. पण मूळ मालकाने टिपण पुसले की भागीदाराच्या हातूनही ते जाते. म्हणून भागीदारी मिळताच दुसऱ्या खात्यात त्याची स्वतंत्र प्रत काढून ठेवणे इष्ट. अनेक टिपणे एकदम निवडून ती ‘डॉक्स’मधील एका लेखात उतरविता येतात, हा मार्ग सामान्य माणसास त्यातल्या त्यात सुलभ. त्यात टिपणांची सुटी पाने जाऊन एक लांबलचक गुंडाळी होते, हे खरे. पण गुंडाळी हाती तरी राहते.

एखादी वही मोठ्या कंपनीची आहे म्हणून ती कायमची, असे समजण्याचे कारण नाही. गूगलची ‘नोटबुक’ नावाची वही २००६ मध्ये निघाली आणि २०१२ मध्ये मिटली. ‘एव्हरनोट’ या एके काळी गाजलेल्या वहीने डिसेंबर २०२३ मध्ये विनाशुल्क लिहिणाऱ्यांस ५० टिपणांची मर्यादा घातली. ज्यांची शेकडो टिपणे होती त्यांना ती वाचता येत, बाहेरही काढता येत. नवे लिहिण्यास मात्र जागा उरली नाही. त्याच सुमारास गूगलने दोन वर्षे न उघडलेली खाती काढून टाकण्यास आरंभ केला. मुलाच्या नावे काढलेले, वडिलांच्या जुन्या क्रमांकाशी जोडलेले आणि मग कोणीच न उघडलेले खाते अनेक घरांत असते.

मराठी माणसाच्या वाट्याला याहून वेगळी एक अडचण येते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी टंकलेखन ‘श्रीलिपी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत होत राहिले. त्यांत पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण खाली साठवलेला सांकेतिक क्रमांक बहुधा एखाद्या रोमन अक्षराचा असे. तो टंक नसलेल्या फोनमध्ये ते टिपण उघडले की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथे काय किंवा महाराष्ट्रात काय, जुन्या शिक्षकांच्या पाठटिपणांची आणि प्रश्नपत्रिकांची अशी गत झालेली आढळेल. रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु ती वापरल्यावर ओळ न् ओळ वाचून पाहावी लागते, कारण जोडाक्षरांत आणि रफारांत ती चुकतात. अगदी ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र काढून काम भागवीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटू शकतात, आणि मग टिपण समोर असून सापडत नाही.

लिपीत अडकलेले लेखन ही गोष्ट मराठीला नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ते जपले गेले, पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकास ते बंदच होते. फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाची कथा याच्या उलट. ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, त्याच शतकात पुन्हाही छापले गेले, आणि आज त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही काव्य वाचता येते, कारण लोकांनी ते हाताने उतरून घेतले, कोणी रोमन लिपीत, कोणी देवनागरीत. १९०७ साली मंगळूरला जी आवृत्ती निघाली, ती अशा हस्तलिखितांच्याच आधारे. उतरून घेणाऱ्यांच्या हातून चुका झाल्या असतील. पण चुकीसकट का होईना, मजकूर एका घरात अडकून पडला नाही.

कायद्याचे म्हणाल तर युरोपात मे २०१८ पासून नागरिकाला आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात तो होता. २०२३ साली संमत झालेल्या कायद्यात तो राहिला नाही. मात्र आपल्या पश्चात आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजावावेत, त्याचे नाव देण्याची तरतूद या कायद्यात आहे. तिचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. पर्वत पाटियातील बाईला याचा तूर्त उपयोग नाही. तिला हवी आहेत चार महिन्यांची मजुरी आणि ती मागता येईल असा कागद.

तारखा घातलेली यादी मुलीने कोपऱ्यावरच्या दुकानात कागदावर छापून घेतली. ठेकेदाराने ती शेठकडे नेली. बहुतेक नोंदी जुळल्या, कारण गठ्ठे दिल्याच्या तारखा त्याच्याही वहीत होत्या. दोन नोंदींवर मतभेद राहिला आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यावर गेले. बाई आता टिपणाच्या पहिल्या ओळीत तारीख लिहिते आणि महिन्याच्या शेवटी सारे मुलीकडून एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून घेते, कोणत्याही फोनवर उघडेल अशा. मुलीचे स्वतःचे काम मात्र अजून व्हावयाचे आहे. अकरावी-बारावीची तिची सर्व टिपणे शाळेने दिलेल्या खात्यात आहेत, आणि शाळा सुटली की ते खाते बंद होणार. परीक्षा मार्चमध्ये आहे. रसायनशास्त्राच्या पहिल्या दोन प्रकरणांवर तिने तारखा घातल्या आहेत.