मंद संगणकाची नाडीपरीक्षा



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. आज आम्ही घराच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या एका यंत्राविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण घरोघरचे हिशेब, पत्रे आणि छायाचित्रे ज्या पेटीत साठली आहेत, ती पेटी रखडू लागली म्हणजे काय करावे, हा प्रश्न किरकोळ खास नाही. तो आम्हांस कसा महागात पडला, ते प्रथम सांगतो.

आमच्या घरी २०१३ साली घेतलेला एक संगणक आहे. मेमरी ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी. काही वर्षे त्याने इमानेइतबारे चाकरी केली. पुढे तो सुरू होण्यासच सहा मिनिटे घेऊ लागला. बटण दाबावे, चहाचे आधण ठेवावे, चहा पिऊन परत यावे, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे! एका दुकानदाराने सांगितले, “टाकून द्या, नवा घ्या.” दुसरा म्हणाला, “मेमरी वाढवा.” आम्ही दुसऱ्याचे ऐकून ४ जीबीची आणखी एक पट्टी बसविली आणि घड्याळ लावून पाहिले. सहा मिनिटांची पावणेसहा झाली होती! दुकानदारास बोल लावण्यात अर्थ नाही. नाडी न दाखविता काढा मागावयास आम्हीच गेलो होतो.

संगणकाच्या पोटात काय चालते, हे जुन्या कचेरीच्या दृष्टांताने चटकन ध्यानात येईल. प्रोसेसर हा कारकून. मेमरी हे त्याचे मेज. हार्ड डिस्क हा दप्तरखाना. तेथे सारे कागद रुमालांत बांधून ठेवलेले. मेज लहान असेल तर कागद मावत नाहीत, कारकुनास सारखे दप्तरखान्यात हेलपाटे घालावे लागतात. अशा वेळी मेज मोठे केले की काम सुधारते. परंतु दप्तरखान्यातून रुमाल आणणारा शिपाईच वृद्ध झाला असेल, तर मेज वाढवून काय उपयोग?

हा शिपाई किती मंद असतो, ते पाहा. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटास १,२०० फेरे घेत आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आमच्या डिस्कवर त्याच्या लाखपट मजकूर मावतो; तबकडी मात्र मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे अवघी सहापट! सेकंदास १२० फेरे झाले. हवा तो मजकूर सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणे आले, शिवाय सुई जागेवर सरकण्याचा वेळ निराळा. विखुरलेले बारीकसारीक कागद आणावयाचे झाले, तर अशी डिस्क सेकंदास शंभराच्या आतबाहेरच ते आणू शकते. एसएसडीत तबकडी नाही, सुई नाही; ती असे हजारो कागद सेकंदात आणते. संगणक सुरू होताना असल्या बारीक कागदांचीच रीघ लागते, म्हणून हा फरक तेथे ठळक दिसतो.

आता नाडी कशी पाहावी? विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र रखडत असेल नेमक्या त्याच वेळी त्यातील आकडे वाचावेत. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली आणि डिस्कही धावते आहे, तर मेज अपुरे आहे. त्यावर मेमरीची पट्टी हेच औषध. मात्र पट्टी त्याच जातीची हवी, डीडीआर-३च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. प्रोसेसर शंभरावर असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला जुंपतो आहे, ते पाहावे. पंखा घोंघावत असेल तर वायर काढून, पेटी उघडून धूळ झाडावी. फार तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो; वैशाखात आपणही तेच करतो! आणि प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, पण डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली, असे दिसले तर शिपाई थकला आहे.

आमच्या यंत्राची हीच गत होती. पण हे आम्ही पाहिले दोन महिन्यांनी, डिस्कमधून टिकटिक ऐकू येऊ लागल्यावर. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती उघडली, तेव्हा निकामी होऊन बदलाव्या लागलेल्या जागांचा आकडा वाढत असल्याचे दिसले. डिस्क एकच जागा पुनःपुन्हा वाचण्याची शिकस्त करीत होती; आम्ही त्यालाच आळस समजत होतो.

त्या डिस्कवर आमच्या मातोश्रींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे होती. एकूण ११. त्यांतील ९ हाती लागली, २ उघडलीच नाहीत. मातोश्री आता नाहीत, आणि त्या ओव्या दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीत.

पुढे आम्ही एसएसडी बसविली. तोच संगणक आज अर्ध्या मिनिटात सुरू होतो. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अटींत आमचा जुना प्रोसेसर बसत नाही. म्हणून त्यावर लिनक्स घातले. पत्रव्यवहार आणि मराठी लेखन त्यावर सुखाने चालते. मुख्य पट्टाच, म्हणजे मदरबोर्ड, गेला असता तर मात्र आम्ही डागडुजीचा हट्ट धरला नसता.

श्रोतेहो, सांगावयाचे ते इतकेच. यंत्र मंदावले की प्रथम आपल्या ठेव्याची दुसरी प्रत करा. मग मोजा. मग एकच वस्तू बदला आणि पुन्हा मोजा. हा क्रम आम्ही उलटा लावला. आज रात्री घरी गेल्यावर आपण निदान पहिली पायरी तरी चढावी, एवढी विनंती आहे.