गावची राखण आणि गावची पोरे



खेड्यातली पोरे बिघडली, ही तक्रार आपल्या शहरातही आता रोज कानांवर येते. मध्यरात्री रस्त्यात गाडी आडवी लावून तलवारीने वाढदिवसाचा केक कापावयाचा, त्याचे चित्रण मोबाईलवर गावभर फिरवावयाचे, मोटारसायकलीचा आवाज मुद्दाम वाढवून शाळेच्या वाटेवर घिरट्या घालावयाच्या, हे प्रकार आपण ऐकतो. त्यावर उपाय दोन सांगितले जातात. कोणी म्हणतो, पोलीस वाढवा; कोणी म्हणतो, जुन्या पाटलाचा धाक परत आणा. या दुसऱ्या उपायापासून आम्ही आरंभ करतो.

जुनी राखण होती कशी? एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांच्या मुलखासंबंधी 1819 साली लिहिलेल्या अहवालात जागल्याची कामे दिली आहेत. रात्री गस्त घालावी, गावात कोण आले, कोण गेले ते पाहावे, प्रत्येकाचे चालचलन ठाऊक ठेवावे. चोरी झाली तर चोराचा माग काढावा. माग शिवेपलीकडे दुसऱ्या गावात पोचविला की हा जागल्या सुटला, आणि जबाबदारी त्या गावावर आली. चोरी कोणाच्याही घरी होवो, तिचा जाब गावाला द्यावा लागे.

परंतु ही राखण कोणाच्या जिवावर चालली होती? रामोशांनी, भिल्लांनी, महारांनी जागावयाचे आणि उरलेल्यांनी स्वस्थ झोपावयाचे! महारवतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, ते उगाच नव्हे. कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. ती गेली हे योग्यच झाले. ज्यांना तो धाक परत हवा आहे, त्यांनी रात्री जागण्यासाठी स्वतःचे नाव आधी द्यावे.

पुढे 1967 साली महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम झाला आणि वंशपरंपरेऐवजी नेमणुकीने येणारा पोलीस पाटील मिळाला. गुन्ह्याची वर्दी देणे आणि गुन्हा होऊ न देण्यासाठी झटणे, दोन्ही त्याचीच कामे. पण गावाला त्याची आठवण होते ती पंचनाम्याच्या वेळी, नाहीतर दाखल्यासाठी. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. जेथे समितीने मनावर घेतले तेथे काम झाले. पण अशीही गावे आहेत की जेथे बक्षिसाचा फलक तेवढा राहिला.

जागल्याबरोबर वेठ गेली, तशी प्रत्येकाचे चालचलन जाणण्याची रीतही गेली. वेठ जावयासच हवी होती. चालचलन जाणण्याचे काम मात्र आपण साऱ्यांनी वाटून घ्यावयास हवे होते; ते आपण घेतले नाही. म्हणून आज पोराच्या पहिल्या खोडीला कोणी हटकत नाही, आणि पाचवी खोडी एकदम ठाण्यावर जाते.

त्याची किंमत काय पडते? अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडले, तर त्याचा डाग सहसा पुढे आड येऊ नये, अशी तरतूद 2015 च्या बालन्याय कायद्यात आहे. एकोणिसाव्या वर्षी तलवार नाचविणाऱ्याला ती सवलत नाही. त्याच्यावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. आणि पोलीस भरतीसाठी पहाटे सडकेवर धावणाऱ्या पोरांत तोही असू शकतो. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते. एका रात्रीची मिजास त्या वेळी कागदावर येऊन उभी राहते, आणि आईबापांनी काढलेले दिवस पाण्यात जातात. दुसरी किंमत मुली देतात. वाटेवरची छेड थांबली नाही, की घरचे मुलीची शाळा थांबवितात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, पंचायतीतील एखादी बाई आणि प्रत्येक वस्तीतील एक माणूस यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. खोडी झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पोराच्या घरी जावे, आणि चारचौघांत अपमान न करता बोलावे. रात्रीची गस्त आळीपाळीने असावी आणि तिच्यात पाटलाच्या वाड्यापासून शेवटच्या वस्तीपर्यंत प्रत्येक घराची पाळी यावी. मात्र मुलीची छेड किंवा दलितावरील जुलूम गावात बसून मिटवावयाचा नव्हे. तेथे ठाणेच गाठले पाहिजे, आणि फिर्याद देणाऱ्यामागे गावाने उभे राहिले पाहिजे.

यात आपला, शहरवासीयांचा, संबंध काय? आपल्यापैकी पुष्कळांचे घर अजून गावी आहे. जत्रेला आपण जातो, तरुण मंडळाच्या फलकाला आणि कर्ण्याला वर्गणी देतो, आणि परत येऊन पोरे बिघडली म्हणतो. यंदा वर्गणी देताना त्या पोरांची नावे विचारावीत, कोण काय शिकतो, कोण बसून आहे, हे विचारावे. ज्याला हातात काम नाही, त्याला आपल्या ओळखीच्या कारखान्यात, दुकानात शिकाऊ म्हणून लावता येते का, ते पाहावे. एवढे काम आपल्या हातचे आहे. ते पोलिसांना करता येणार नाही.